वर कोरं, खाली सही

लातूरच्या बायांच्या एका संस्थेनं यंदा आमचा सत्कार केला. आमचा म्हणजे, गावोगावच्या खुर्च्या बायांना राखीव झाल्या तेव्हा पहिल्या फेरीत ज्या सरपंच, मेंबर झाल्या त्या म्हाताऱ्यांचा. शाल दिली, नारळ दिला, माझ्या पांढऱ्या केसांवर गुलाबी फेटासुद्धा बांधला. मग त्या पोरी म्हणाल्या, आजी, तुमच्या आठवणी लिहून द्या, पुस्तक काढायचंय. मी चार पानं लिहून दिली. हसायला येईल अशी होती. ती मी परत मागवली आणि त्यांच्या जागी हे लिहून राहिले आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. नीट वाचायला, लिहायला मी मोठेपणी शिकले, नातवंडांच्या वह्यांवर गिरवून आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार. कुठं घसरलं तर सांभाळून घ्या. पण दया म्हणून सांभाळून घेऊ नका, तेवढं मला नको आहे.

आमचं गाव देगलूर तालुक्यातलं. बाजारात एका ओळीत मराठी, तेलुगू, कानडी ऐकू येणार, असा तो भाग. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सरपंच व्हायचं होतं. दोन वर्षं लोकांना चहा पाजला, मयताला आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर. आणि तहसिलीत आरक्षणाची चिठ्ठी निघाली ती बाईची. त्या दिवशी मालक जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण भरत होते, तर दारात येऊन म्हणाले, "तुला उभं राहायचंय."

मी म्हणाले, "सकाळधरनं उभीच हाय की."

ते हसले नाहीत. मी निवडून आले, सरपंचही झाले. हार आणले होते झेंडूचे. पहिला हार मालकांच्या गळ्यात पडला, दुसरा त्यांच्या भावाच्या. तिसरा उरला तो माझ्या हातात दिला, कारण परक्या बाईच्या गळ्यात हार कोणी घालायचा हे कुणाला सुधरेना. तो हार मी घरी आणून म्हशीला घातला. ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा सांगितली असेल. लोक पोट धरून हसतात. लातुरातही हसले. दुसरी गोष्ट सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी ही सांगते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

नऊ मेंबरांत आम्ही बाया तीन. एक तर पाच वर्षांत उंबऱ्याबाहेर आली नाही. दुसरी मी. तिसरी बौद्ध वस्तीतली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, सातवी पास. नवरा देगलूरच्या आडतीवर पोती उचलायचा. ती स्वतः आमच्याच रानात कापूस वेचायला यायची. मला ती "अक्का" म्हणायची. मी तिला नुसतं नावानं हाक मारायचे, नाहीतर "अगे" म्हणून. दोघी एकाच दिवशी मेंबर झालो, तरी तिच्या नावापुढं "बाई" किंवा "ताई" माझ्या तोंडून कधी निघालं नाही. वेचायला आलेल्या बाईला ताई कशी म्हणायची, असं वाटायचं.

आता पंचायतीचा कारभार कसा चालायचा ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मीटिंग अशी होतच नव्हती. ठरावाची एक जाड वही असायची. ग्रामसेवक ती घेऊन घरोघरी फिरायचा. पान वर कोरं, आणि खाली आमच्या सह्या. वर काय लिहायचं ते मग मालक आणि तो बसून ठरवायचे. मी पोळ्या लाटताना पिठाच्या हातानं सही केलेली आहे. त्या वहीच्या पानांना माझ्या अंगठ्याचं पीठ लागलेलं असायचं, त्यावरूनही मालक चेष्टा करायचे.

फक्त ती एकटी अशी सही करायची नाही. ग्रामसेवकाला म्हणायची, "साहेब, वर काय लिवायचं हाय ते आधी लिवा. मग मी खाली लिवते." तो आमच्या ओसरीत येऊन तिचा आवाज काढून दाखवायचा. सगळे खो खो हसायचे. मीही आतून हसायचे. पण मनात यायचं, हिच्यात एवढी हिंमत कुठून आली, आणि माझ्यात का नाही? मत्सरच होता तो, दुसरं काही नाही.

वस्तीत पाणी नव्हतं. उन्हाळ्यात तिथल्या बाया ओढ्यात खड्डा करायच्या आणि झिरपेल तसं वाटीनं पाणी घागरीत भरायच्या. एक घागर भरायला लई वेळ जायचा. हिनं वस्तीच्या बोअरसाठी वर्षभर देगलूरला चकरा मारल्या. रोजगार बुडवून जायची. साहेब नसला तर पायरीवर बसून राहायची. शेवटी मंजूर करून आणला. पाणी बघणारे लोक आले, त्यांनी वस्तीतल्या चिंचेपाशी जागा दाखवली आणि चुना लावलेला दगड रोवला. तो कोणी हलवू नये म्हणून हिनं भोवती काट्या लावल्या. जाता-येता मला दिसायच्या त्या काट्या.

मग एक दिवस दुपारी ग्रामसेवक आमच्याकडं आला. ओसरीत मालक आणि तो. मी दाराच्या आत चहा गाळत होते.

मालक म्हणाले, "बोअर आपल्या चौकात घ्यायचा."

"वस्तीच्या नावाचा हाय तो, मालक."

"ठराव करू. तिथं पाणी लागणार न्हाई, जागा बदला म्हणून."

"मग सूचक वस्तीचाच मेंबर दाखवावा लागंल. न्हाईतर वरून विचारतील. आणि ती बाई वाचल्याबिगर सही करत न्हाई."

मग मालक म्हणाले, "बाईकडं बाईलाच पाठवू."

मी सगळं ऐकलं. गाळणी हातात होती आणि एकेक शब्द ऐकला. हे मी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. कोणी विचारलं तर माझं एक ठरलेलं उत्तर होतं, "मला काय कळत होतं तवा? मालक म्हणतील तिथं सही." लोक हळहळायचे, बिचारी म्हणायचे. बिचारी होण्यात लई सुख असतं. मी ते पोटभर घेतलं.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घातली आणि वस्तीत गेले. गावात सून म्हणून येऊन वीस वर्षं झाली होती, पण वस्तीतल्या एका घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. ती अंगणात मिरच्या निवडत बसलेली. मला बघून अशी उठली की सूप उलटं झालं.

"अक्का? तुम्ही? आमच्याकडं?"

शेजारणीला हाक मारली, "अगं ये, बघ कोण आलंय, सरपंच आल्यात!" घरातली नवी चादर काढून बाजेवर अंथरली. मला हाताला धरून आत नेलं. कुणालातरी दुधाला पिटाळलं आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

मी म्हणाले, "चहा नको गं. आज उपास हाय."

उपास नव्हता. भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन आले होते.

"उपासाला चहा चालतो की, अक्का."

"माझा कडक असतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? तिनं पातेलं उतरवून ठेवलं आणि हात लुगड्याला पुसले. पण मी तिच्या घरी येऊन बाजेवर बसले होते, याचा आनंद तेवढ्यानं गेला नाही. तो तिच्या तोंडावर तसाच होता. त्या आनंदासाठीच मला पाठवलं होतं.

मी वही उघडली. पान वर कोरं.

"वर काय लिवणार हाईत, अक्का?"

"बोअरचंच हाय. तुझ्याच बोअरचं. गाडी लवकर यावी म्हणून ठराव लागतो म्हणं. ग्रामसेवक संध्याकाळी लिवील. मी हाय ना."

"तुम्ही स्वतः आल्यात म्हणल्यावर काय बघायचं." तिनं पेन घेतला. सही म्हणजे आमच्यासारखी वेडीवाकडी रेघ नाही, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, फळ्यावर काढल्यासारखं. पेन परत देताना हसून म्हणाली, "वाचल्याबिगर केलेली ही माझी पहिली सही बरं का."

मी वही पिशवीत टाकली. येताना चिंचेपाशी त्या काट्या होत्या. मी खाली बघून चालले.

आठवड्यात बोअरची गाडी आली आणि आमच्या दारापुढच्या चौकात उभी राहिली. पाणी चांगलं लागलं. मालकांनी पेढे वाटले. संध्याकाळी वस्तीतली पंधरा-वीस माणसं आली, पुढं ती. मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले. पडदा होता, त्याच्या फटीतून दिसत होतं.

ती म्हणाली, "मालक, मी सही कशावर केली ते मला दाखवा."

मालकांनी वही मागवली आणि तिच्यापुढं धरली. "वाच की. तुला तर वाचता येतंय ना? गावभर सांगत फिरतीस."

तिनं वाचायला सुरुवात केली. वस्तीत पाणी लागण्याची शक्यता नसल्यानं हातपंप चौकात घ्यावा. सूचक, आणि पुढं तिचं नाव. तिथं ती थांबली. गर्दीतला एकजण, तिचा दीरच तो, म्हणाला, "किती घेतलंस?"

"देवाशपथ" असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "अक्का आल्या होत्या माझ्या घरी. त्यांनीच आणली होती वही. अक्काला विचारा."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

मालक म्हणाले, "ती सैपाकात हाय."

मी सैपाकात नव्हते. रिकाम्या हातानं पडद्यामागं उभी होते. दोन पावलं टाकली असती तर बाहेर आले असते. "हाव, मी नेली होती, तिला ठाऊक नव्हतं," एवढंच बोलायचं होतं. सरपंच मी होते. सही माझी चालायची. मला कोणी मारलं असतं? मालकांनी दोन दिवस अबोला धरला असता, आणखी काय. मी ते मोजलं, आणि नाही गेले बाहेर.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या बाया आमच्या दारापुढं पाण्याला यायच्या. हापश्याला हात लावू न देण्याचे दिवस सरकारी कागदावर संपले होते, गावात नव्हते. त्या घागरी लांब ठेवून उभ्या राहायच्या, कोणी हापसून घालील का म्हणून. आणि मी, गावची सरपंच, म्हणायचे, "थांबा गं जरा, आमच्या म्हशी होऊ द्या." ती त्या रांगेत कधी आली नाही. ती ओढ्यावरच जायची. वस्तीत तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. हिनं बोअर विकला, असं तिच्या सख्ख्या माणसांनी ठरवून टाकलं होतं. पुढच्या निवडणुकीला तिनं फॉर्म भरला नाही. मग बिऱ्हाड उचलून नांदेडला निघून गेली.

आणि मी वर चढले. पुढं पंचायत समितीला निवडून आले. तिथं मात्र हळूहळू वाचायला शिकले, भांडायला शिकले, मालकांना "थांबा, मी आधी वाचते" म्हणायला शिकले. बायांच्या मेळाव्यांत मला बोलवायचे, आणि मी सांगायचे, बायांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. टाळ्या पडायच्या. कुणाकडून शिकले ते सांगत नव्हते. माझ्याऐवजी ती चढायला पाहिजे होती. देगलूरच्या पायरीवर वर्षभर बसून राहणारी बाई जिल्ह्याला गेली असती, आणखी पुढंही गेली असती. तिची शिडी मी काढली.

आता लातूरचं. मी हल्ली पोराकडं नांदेडलाच असते, आणि संस्थेनं नांदेडच्या बायांसाठी गाडी केली होती. सकाळी ती विष्णुपुरीला थांबली. एक म्हातारी चढली, पांढरी साडी, निळे काठ, जाड चष्मा. मी काही ओळखलं नाही. ती माझ्या सीटपाशी येऊन म्हणाली, "अक्का, सरका की जरा." आवाजावरून ओळखलं. मी सरकले.

तीच बोलत राहिली. पोरगी कॉलेजात नोकरीला आहे, तिच्याजवळ राहते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. माझे मालक गेल्याचं तिनं ऐकलं होतं. गुडघ्याला कुठलं तेल लावता, असंही विचारलं. मी हो-नाही करत होते. अहमदपूरला चहाला थांबलो. पोऱ्यानं ट्रे पुढं केला, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, आज उपास न्हाई ना?"

गाडीतल्या बायांना काय ठाऊक. एकजण म्हणाली, "म्हातारपणी कसले उपास, घ्या हो आजी." सगळ्या हसल्या. तीही हसली. मी चहा घेतला, जीभ भाजली.

स्टेजवर माझं नाव आधी पुकारलं. मी हाराची गोष्ट सांगितली, म्हशीची सांगितली. "मी आपली नुसती सह्याजीबाई होते," म्हणाले. हॉल दणाणला. मग तिला बोलवलं. तिनं माईक धरला आणि म्हणाली, "माझ्या काळात माझ्या नावावर एकच ठराव हाय. तो मी मांडलेला न्हाई." आणि जागेवर येऊन बसली. लोकांना काही समजलं नाही. टाळ्या तरी वाजवल्याच.

परतताना ती खिडकीपाशी, मी शेजारी. लोहा गाव मागं पडल्यावर तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "अक्का, एक विचारू? ती वही तुम्ही आणली, तवा तुम्हाला माहीत होतं का?"

आमच्या दोघींशिवाय कोणी ऐकत नव्हतं. बाया झोपल्या होत्या. मालक नाहीत, ग्रामसेवक नाही, अबोला धरणारं कोणी नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, मला काय कळत होतं तवा. मालक म्हणतील तिथं जायचं."

"हं," ती म्हणाली. विष्णुपुरीला उतरताना "सांभाळून जा" म्हणाली.

त्या दिवसानंतर मला अन्न गोड लागेना. सुनेनं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर काय सांगणार. शेवटी मी वर आहे ते सगळं लिहून काढलं, तिच्या पोरीचा पत्ता संस्थेतून घेतला आणि रिक्षानं एकटी विष्णुपुरीला गेले. ती घरात एकटीच होती. मी म्हणाले, "ताई, मला काहीतरी वाचून दाखवायचंय."

ताई म्हटल्यावर तिनं चष्म्यावरून बघितलं. मी वाचलं. गाळणीचं वाचलं, उपासाचं वाचलं, पडद्याचं वाचलं. मध्ये दोनदा थांबले, तर म्हणाली, "वाचा, वाचा."

संपल्यावर म्हणाली, "हे मला काय सांगता, अक्का. तुम्ही पडद्यामागून बाहेर आल्या न्हाईत, तवाच मला कळलं होतं."

"मग गाडीत विचारलंस कशाला?"

"बघितलं. आता तरी सांगता का म्हणून."

मी रडले. तिनं रडू दिलं, समजूत काढायला आली नाही. मग म्हणाली, "मला वाचून दाखवून काय उपयोग? माझा दीर मरेपर्यंत म्हणत होता, हिनं बोअर विकला. मयताला गेले तर माझ्याकडं कोणी बघेना. तो गेला, पण त्याची पोरं हाईत, सुना हाईत. त्यांना तेच ठाऊक हाय. तुम्हाला खरंच सांगायचं असंल तर वस्तीत चला. मी येते संगं. विहारापुढं बसू, लोक बोलवू, आणि हे असंच्या असं वाचा. मोठ्यानं."

मी म्हणाले, "गुडघे दुखतात गं, देगलूरपर्यंतची बस..."

"मी गाडी करते."

"बघते. पोराला विचारून सांगते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अजून इचारूनच का, अक्का?" म्हणाली. आवाज चढला नाही. "दिवस तुम्ही ठरवा. मी कधी बी तयार हाय."

याला तीन आठवडे झाले. पोराला मी विचारलं नाही, विचारायचं कारणही नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, बाबांची इज्जत वगैरे, आणि त्याला न जुमानता जाण्याएवढी मी आता मोठी आहे. गुडघ्यांचं म्हणाल तर लातूरला गेलेच होते, फेटा बांधून घेतला होता. म्हणजे आडवी मीच येते आहे. ज्या बायांना मी म्हशी होईपर्यंत थांबवलं, त्यांतल्या काही अजून जिवंत आहेत. त्यांच्यापुढं बसून वाचायचं आहे.

हे पुस्तकात छापायला दिलंय. पण लातूरचं पुस्तक आमच्या वस्तीत कोण नेणार, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तर द्यायला सोपं गेलं. दिवस मी अजून कळवलेला नाही. तिचाही फोन आलेला नाही.